अकरा खुर्च्यांचे फोटो

फोटो चार वाजेपर्यंत पाठवायचे होते आणि आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे घाई करण्याजोगं काहीच नव्हतं. निवृत्त सिग्नलवाल्यांनी बायकोला तसं सांगितलं, चष्मा पुसला, कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली आणि बोटं कडाकडा मोडली. एवढ्या तयारीत माणसं डोळ्याचं ऑपरेशन उरकतात.

फोटो होते खुर्च्यांचे. सिग्नलवाल्यांची बायको वेताच्या खुर्च्या विणायची. बैठक फाटलेली खुर्ची तिच्याकडे लंगडत यायची आणि ताठ मानेने परत जायची. बावीस वर्षं मागच्या खोलीत जमिनीवर बसून तिने हे केलं होतं, आणि बावीस वर्षं गावभर एकच वाक्य चालत आलं होतं, ‘ती खुर्ची सिग्नलवाल्यांकडे टाका.’ सिग्नलवाल्यांना वेताची कांडी पाण्यात किती वेळ भिजवतात हेही माहीत नव्हतं; पण नाव त्यांचं. आता हस्तकलेच्या प्रदर्शनातलं एक टेबल ऐनवेळी मोकळं झालं होतं. संयोजक बाईंनी फोनवर सांगितलं होतं की कामाचे फोटो आज चारच्या आत ईमेलने आले तर टेबल तुमचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याचं. टेबलावर विणणाऱ्याच्या नावाची पाटी असते, हे ऐकल्यापासून बायको दोन दिवस कमी बोलत होती.

अडचण एवढीच की विणलेल्या खुर्च्या घरात राहत नाहीत, ज्याच्या त्याच्या घरी नांदायला जातात. म्हणून सिग्नलवाले दोन दिवस कॅमेरा गळ्यात अडकवून अकरा घरं फिरले होते. फोन बोलायला असतो, फोटोला कॅमेरा लागतो, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांचं मत झालं की ते रुळासारखं पक्कं व्हायचं.

लिनक्सही असंच पक्कं झालं होतं. मेहुण्यांचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचं, चौकात फोटोचं दुकान होतं. त्यांनी हा कॉम्प्युटर पाहून एकदा म्हटलं होतं की भाऊजी, हा आता भंगारात द्या. त्या रात्री सिग्नलवाले जेवले नाहीत म्हणतात. आठवड्याच्या आत त्यांनी त्यातलं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स घातलं, आणि मेलेला कॉम्प्युटर असा उठून बसला की शेजारच्या घरातले दिवे मंद झाले. तेव्हापासून घरात माउसने काम करणं हे कुबडी घेऊन चालण्यासारखं मानलं जाई. खरा माणूस काळी खिडकी उघडतो आणि हुकूम लिहितो.

सिग्नलवाल्यांनी काळी खिडकी पडदाभर उघडली आणि हुकूम लिहिला. कॅमेऱ्यातले सगळे फोटो उतरवून घे, असा त्याचा अर्थ. कॉम्प्युटरने एका ओळीत उत्तर दिलं की कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे, मला घेता येत नाही.

“उद्धट आहे,” सिग्नलवाले म्हणाले, आणि तोच हुकूम पुन्हा लिहिला. यंत्राचं आणि बैलाचं एकच, दुसऱ्यांदा दटावलं की ऐकतं. ऐकलं नाही.

दहा वाजता त्यांनी वायर बदलली. साडेदहाला वायर खुपसायचं भोक बदललं. अकरा वाजता कॉम्प्युटर बंद करून चालू केला, साडेअकराला कॅमेरा बंद करून चालू केला, बारा वाजता दोन्ही बंद करून स्वतः डोळे मिटून बसले. एक वाजता त्यांनी सर्वाधिकार घेतले. लिनक्समध्ये अशी सोय असते की परवलीचा शब्द घातला की माणूस त्या यंत्रापुरता राजा होतो. राजाला उत्तर तेच आलं, कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. तोवर कीबोर्डवरचं एन्टरचं बटण इतकं झिजलं होतं की त्यात तोंड बघून भांग पाडता आला असता.

दोन वाजता मेहुण्यांचा फोन आला. बहिणीने सकाळीच त्यांच्या कानावर घातलं असणार. ते गोड आवाजात म्हणाले की भाऊजी, कॅमेऱ्यातलं कार्ड काढा आणि दुकानात घेऊन या, इथे क्षणात उतरतील. सिग्नलवाल्यांनी त्याहून गोड आवाजात सांगितलं की इकडे सगळं झाल्यातच जमा आहे, उगाच दुकान सोडून येऊ नका. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीला पुसला.

सव्वातीनला बायको चपला घालून खोलीच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी.

“कार्ड द्या,” ती म्हणाली.

“अगं, पाच मिनिटं.”

“सकाळपासून तुमची पाच मिनिटंच चालली आहेत. मला टेबल हवंय. तुमचं लिनक्स तुम्हाला लखलाभ.”

सिग्नलवाल्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. तिने हातावर हात ठेवला. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी एकमेकांचा हात धरला नव्हता.

“ते मेलं म्हणतंय तरी काय एवढं?” तिने पडद्याकडे पाहून विचारलं. सिग्नलवाल्यांनी चिडून अर्थ सांगितला.

“मग बरोबरच म्हणतंय की,” बायको म्हणाली. “आधीची गाडी सेक्शनात उभी असताना तुम्ही तरी दुसरीला लाइन दिली असती का? आधी बघितलं असतंत, आत कोण आहे ते.”

आता, सदतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेल्या माणसाला हे बायकोने सांगावं, म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. एका सेक्शनात, म्हणजे रुळांच्या एका टप्प्यात, एकच गाडी, हा नियम त्यांच्या रक्तात होता. खुद्द मोठ्या साहेबांची खास गाडी त्यांनी पाऊण तास सिग्नलबाहेर उभी ठेवली होती, कारण पुढे एक रिकामा मालडबा राहून गेला होता. साहेब रुळांतून चालत केबिनखाली आले, तेव्हा यांनी वरून वाकून त्यांना चहा विचारला; लाइन दिली नाही. आणि आज सकाळी नऊपासून एक प्रामाणिक यंत्र तोच नियम पाळत होतं, आणि हे त्याला उद्धट म्हणत होते.

आत कोण आहे? सिग्नलवाल्यांनी मान खाली घालून, शरमेने, माउस हातात घेतला आणि पडदाभर पसरलेली काळी खिडकी बाजूला सारली.

खाली दुसरी खिडकी उघडी होती. तिच्यात अकरा फोटो ओळीने मांडलेले. मागच्या वर्षी उत्साहाच्या भरात सिग्नलवाल्यांनीच कॉम्प्युटरला बजावून ठेवलं होतं की कॅमेरा जोडला रे जोडला की तो ताब्यात घे आणि फोटो उघडून समोर ठेव. बिचाऱ्याने नऊ वाजून एक मिनिटाने ते ठेवले होते, बंद करून चालू केल्यावर दर वेळी पुन्हा ठेवले होते, आणि यांनी दर वेळी त्यावर आपली काळी खिडकी पांघरली होती. काखेत कळसा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. काख वर कोण करतो?

“आले,” सिग्नलवाले बारीक आवाजात म्हणाले.

बायको वाकून फोटो बघू लागली. पहिला बघितला. दुसरा, तिसरा बघितला. मग तिने पिशवी खाली ठेवली.

अकराच्या अकरा फोटोंत खुर्चीवर माणूस बसला होता. दारात पाहुणा आला की घरचे उभे राहतात, आणि सिग्नलवाले भिडस्त. बसा, बसा, उठू नका, असं म्हणत त्यांनी प्रत्येकाला खुर्चीत बसवून फोटो काढला होता. चौथ्या फोटोत तर बेकरीवाले होते. बेकरीवाले बसले की खुर्ची आहे हे ऐकीव माहितीवरच मानावं लागे. सातव्यात एक आजी झोपली होती आणि तिच्या मांडीवर मांजर. विणकामाचा एक टाका कुठे दिसत नव्हता.

“फोटो जिवंत वाटायला नकोत का?” सिग्नलवाल्यांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना कळलं की विचारायला नको होतं. मी धावत जाऊन जवळच्या दोन घरचे पुन्हा काढून आणतो, असं ते म्हणाले. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते आणि गुडघे त्यांचेच होते.

“उठा,” बायको म्हणाली.

ते उठले. ती त्यांच्या जागी बसली. अकराही फोटो ईमेलला जोडायला लावले, आणि मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने लिहिलं, ‘विणकाम दिसत नाही, कारण बसलेलं माणूस उठायला तयार होत नाही. फोटो चारमधले गृहस्थ त्या बैठकीवर चौदा वर्षं बसत आहेत. बैठक तीच आहे.’ खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं. चार वाजायला दोन मिनिटं असताना ते गेलं.

सव्वाचारला संयोजक बाईंचा फोन आला. आधी बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं. मग त्यांनी सांगितलं की टेबल तुमचं, पण एक अट आहे. आम्हाला ते चौथे गृहस्थ पाहिजेत, खुर्चीसकट.

बेकरीवाले तीन दिवस येऊन बसले. भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला ते आधी स्वतःचं वजन सांगत, आणि लोक तिथल्या तिथे मोडक्या खुर्च्या नोंदवून जात. घोटाळा एकच झाला. नावाची पाटी टेबलावर ठेवली की बेकरीवाल्यांच्या पोटाआड जाई, भिंतीवर टांगली की डोक्याआड. शेवटी सिग्नलवाल्यांनी ती हातात घेतली आणि तीनही दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ, बायकोचं नाव डोक्यावर धरून ते टेबलाशेजारी उभे राहिले. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी हात जरा खाली घेतला होता. बायको विणता विणता वर न बघता म्हणाली, “अजून वर.”