भोंग्याचा खेळ

भोंगा वाजला आणि अंगणवाडीतली सगळी मुलं क्षणात दिसेनाशी झाली. टेबलाखाली, सतरंजीच्या गुंडाळीमागे, कपाटाच्या आडोशाला. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

सेविका मोनालीने त्यांना हेच शिकवलं होतं. पण आज सराव नव्हता. रस्त्यापलीकडच्या शीतगृहातून अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास खिडकीतून आत येत होता.

"पोरांनो, बाहेर या! खेळ न्हाई ह्यो!" मदतनीस सिंधूबाई ओरडल्या. कुणी हललं नाही.

गेल्या महिन्यात आराखड्याच्या बैठकीत मोनाली बोलली होती. 'सुरक्षित मी' या आठवड्यासाठी आराखड्यात लिहिलं होतं, भोंगा झाला की टेबलाखाली लपायचं.

"मॅडम, भूकंपासाठी हे ठीक आहे. आमच्या रांजणगावच्या बाजूला भोंगा होतो तो वायुगळतीचा. मुलांना बाहेर काढायला पाहिजे."

"आराखडा वरून आलाय, मोनालीताई," पर्यवेक्षिका राजश्री मॅडम म्हणाल्या होत्या. "प्रत्येकीनं आपली वेगळी चूल मांडली तर झालंच मग. तुम्ही फक्त राबवा."

बाकीच्या सेविका हसल्या. मोनाली खाली बसली आणि नंतर तिने ते मन लावून राबवलं. लहान मुलं खेळातून शिकतात म्हणून तिने त्याचा खेळ केला. हाक मारली तरी जो गप्प राहील तो जिंकला. खिचडीच्या ताटल्या वाजल्या की खेळ संपला. मागच्या भेटीत राजश्री मॅडमनी स्वतः हाका मारून पाहिल्या होत्या आणि शेवटपर्यंत न हललेल्या छोट्या अपेक्षासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

आजही त्या भेटीलाच आल्या होत्या. पदर नाकाशी धरून त्या दारात उभ्या होत्या. मोनाली मुलांना दंडाला धरून ओढून काढत होती आणि सिंधूबाई त्यांना बाहेर नेत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी एकटी अपेक्षाच सापडेना.

"अपेक्षा! बाळा, मॅडम सांगतायत ना, ये!" राजश्री मॅडमचा आवाज चिरकला.

काहीच नाही.

तेव्हा कुठे मोनालीला आठवलं. तिने फळीवरच्या सगळ्या ताटल्या जमिनीवर ढकलल्या. कोपऱ्यातल्या तांदळाच्या रिकाम्या पिंपाचं झाकण वर झालं.

"ताई, मी जिंकले ना?"

मोनाली तिला उचलून धावत बाहेर आली. वारा शीतगृहाकडून गावाकडे वाहत होता. वास टाळायचा तर वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं होतं, आणि त्या बाजूला फक्त ऊस होता.

"उसाकडं कुठं नेताय? कालच बिबट्या दिसलाय तितं!" सिंधूबाई म्हणाल्या.

"बांधावरच थांबायचं. आत कुणी जायचं नाही."

एकमेकांचे हात धरून मुलं बांधावर उभी राहिली. इथे हवा स्वच्छ होती. मोनालीने पुन्हापुन्हा डोकी मोजली. सगळी होती.

राजश्री मॅडम डोळे पुसत जवळ आल्या. "मोनालीताई, त्या दिवशी बैठकीत तुम्ही..."

"नंतर, मॅडम. आधी त्या कडेच्या दोघांचे हात धरा."

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. एका सुरात, लांबलचक. धोका टळल्याचा.

मोनाली गर्रकन मुलांकडे वळली.

"धरा त्यांना!"

पण छोटे हात सुटलेसुद्धा. अपेक्षा सगळ्यांत पुढे होती. उसाची पानं जरा सळसळली आणि थांबली. बांध रिकामा झाला.

"अगं माझ्या आई!" सिंधूबाई ओरडल्या.

राजश्री मॅडमनी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी मोनालीकडे पाहिलं. "काय करू? तुम्ही सांगा."

"ताटल्या," मोनाली म्हणाली. "ताटल्या आत राहिल्यात."

चपला तिथेच टाकून, साडी वर खोचून राजश्री मॅडम अंगणवाडीकडे धावत सुटल्या.

मोनाली उसाकडे पाहत राहिली. आत कुठेही एक पानसुद्धा हलत नव्हतं. तिने शिकवलं होतं, अगदी तसंच.