आधी उजवीकडे

वाइओलाबाईंनी शिकवलेलं पोरं विसरत नसत. बाईंना याचा फार अभिमान होता, आणि त्या सप्टेंबरात तोच त्यांच्या काळजाला लागला.

सरकारने साऱ्या सामोआतल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूवरून उचलून डाव्या बाजूला घातल्या. ड्रायव्हर आठवड्याभरात सरावले. पण पायी चालणाऱ्यांच्या मानांचं काय? बाईंनी जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं होतं, "आधी डावीकडे बघा, मगच पाऊल टाका." पेनीनाने अगदी तसंच केलं. वर्गातली सगळ्यात शहाणी पोर ती. तिने डावीकडे नीट बघितलं, पाऊल टाकलं, आणि उजवीकडून आलेल्या गाडीने तिच्या खांद्यावरची पिशवी उडवून नेली. पिशवीवरच निभावलं.

बाईंनी त्याच दिवसापासून नवा धडा सुरू केला. पण लागलेली सवय सुटायला वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तोवर शाळेच्या वेळी गाड्या थांबायला हव्यात. रस्तेखात्याने सांगितलं, गतिरोधक पुढच्या वर्षी. मग बाईंनी गावाच्या फोनोत, म्हणजे मानकऱ्यांच्या सभेत, बोलण्याची परवानगी मागितली.

सभेच्या घराला भिंती नव्हत्या. प्रत्येक मानकरी आपापल्या खांबाला टेकून मांडी घालून बसला होता. बाई कडेच्या चटईवर बसल्या.

"संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की आपली तरुण मंडळी रस्त्यावर उभी राहते आणि गाव थबकतं," बाई म्हणाल्या. "तसंच शाळा भरताना आणि सुटताना उभं राहावं, एवढंच मागणं आहे."

गावाच्या वतीने बोलण्याचा मान सेउपुलेचा. तो काठी टेकून उठला. "बाई, ते उभं राहणं देवाचं आहे. आज शाळेसाठी थांबवा, उद्या म्हणाल रग्बीसाठी थांबवा, परवा माझ्या सासूसाठी!"

सगळे हसले. लहानपणी याच सेउपुलेला बाईंनी पाढे येईपर्यंत फणसाच्या झाडाखाली बसवून ठेवलं होतं. पण इथे त्याला मानानेच बोलावं लागे.

"आपलं म्हणणं थोर आहे," बाई म्हणाल्या. "माझी एक विनंती आहे. सर्व मानकऱ्यांनी क्षणभर डोळे मिटावेत. आपण रस्त्याच्या कडेला उभे आहात. पलीकडे जायचंय. आता बघा."

खांबाखांबाशी माना वळल्या. साऱ्या डावीकडे.

"डोळे उघडा," बाई हळूच म्हणाल्या.

मानकऱ्यांनी एकमेकांच्या वळलेल्या माना पाहिल्या आणि घर हास्याने दणाणलं. एकटा सेउपुले सरळ मानेने उभा होता.

"आपण नाही वळलात?" बाईंनी विचारलं.

"मला ठाऊक होतं, तुम्ही फसवणार."

"म्हणजे मान वळणार होती!" मुख्य मानकरी माउला मांडीवर थाप मारून म्हणाले. "अरे, बाईंनी आपल्याला इतकं पक्कं शिकवलंय, की आपणच गाडीखाली जाऊ!" मग त्यांचा आवाज उतरला. "सेउपुले, संध्याकाळी देवापुढे गाणारी पोरं आधी शाळेतून धड घरी यायला नकोत का?"

सेउपुलेने काठीच्या मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ठीक. पण ठरलं तर ठरलं. गावातल्या कोणी गाडी रेटून नेली, तर त्याच्या घरातून एक डुकरीण दंड. मानकरी असो की कोणी."

सोमवारी दुपारी शाळा सुटताना शंख वाजला. लुंगी नेसलेली तरुण मंडळी गावाच्या दोन्ही टोकांना उभी राहिली. शहरातून आलेली बस थांबली आणि ड्रायव्हरने कोणी न सांगताच गाणी बंद केली. शाळेसमोर सेउपुले स्वतः उभा होता.

इतक्यात तारोच्या कंदांनी भरलेला एक ट्रक टोकावरच्या तरुणांना हात करत आत शिरला. त्यांनी वाट दिली, कारण ट्रक सेउपुलेचाच होता आणि चालवत होता त्याचा मुलगा येलू.

सेउपुले काठी आडवी धरून भर रस्त्यात उभा राहिला. ट्रक करकचून थांबला.

"बाबा, मी आहे!" येलू ओरडला.

"दिसतंय. डुकरीण कुठली द्यायची, ते आईला विचार. काळी देऊ नकोस म्हणावं, ती गाभण आहे. नाही तर दे, काळीच दे!"

शाळेच्या फाटकात पोरं रांगेत उभी होती. बाईंनी सेउपुलेकडे पाहून हाक मारली, "चल रे, तूच ने त्यांना पलीकडे."

सेउपुले फाटकाशी आला. पुढचं पाऊल टाकायच्या आधी त्याची मान डावीकडे वळली.

"काका," पेनीना त्याचा हात ओढत म्हणाली, "आधी उजवीकडे!"

मानकऱ्याने निमूटपणे मान उजवीकडे वळवली. त्याच्यामागे अख्ख्या रांगेच्या माना उजवीकडे होत्या. त्यातली एकही चुकली नव्हती. बाईंनी ते पुन्हा एकदा डोळे भरून पाहिलं, आणि पदवी घेणाऱ्यासारख्या ताठ मानेने त्या रांगेमागून चालू लागल्या.