येसूबाईचा दोन फुटी फोटो

साईनाथला आताशा खुर्चीतून उठायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. कुंभिवली नाक्यावर हायवेला लागून असलेलं त्याचं फोटोचं दुकानही त्याच्यासारखंच झालं होतं, बसलं की बसलं. दिवसभर काय, तर पासपोर्ट फोटो, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि मोबाईलवर काचा चिकटवणं. मागच्या डार्करूममध्ये बारा वर्षांत लाल दिवा पेटला नव्हता. तिथं त्याची बायको विनिता कांदे ठेवायची. दिवाळीनंतर ती खोली शेजारच्या पंक्चरवाल्याला द्यायची असं ठरलंही होतं, आणि तो भला माणूस रोज सकाळी दारातून वाकून 'मशीन कुठं मावेल' ते बघून जायचा.

अशा एका मंगळवारी, ऐन जेवायच्या वेळेला, धोंडूबाई दुकानात येऊन टेकली. एका हातात तांदळाची भलीमोठी पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना अल्बम. पोशीरहून दोन गाड्या बदलून आली होती आणि श्वास अजून तिसऱ्या गाडीची वाट बघत होता.

"वळखलंस का रं, साईनाथा?"

साईनाथने चष्मा वर सरकवला. "पोशीरच्या पोपटची बहीण ना तुम्ही? आक्का, बसा."

"मंग! पोपटच्या लग्नात फोटू काडायला तूच आल्तास. तवा मिशी नव्हती तुला, नुसता तोरा व्हता."

तिने अल्बम उघडला. सत्त्याऐंशी सालचं लग्न, सगळे फोटो काळेपांढरे. पोपट आणि त्याची नवरी, दोघंही कुणीतरी दम दिल्यासारखी ताठ उभी. धोंडूबाईचं बोट मात्र त्यांच्यावरून घसरत फोटोच्या अगदी उजव्या कडेला जाऊन थांबलं. तिथं फक्त एक हात होता. कोपरापासून पुढचा, मनगटावर गोंदलेली तुळस.

"ही माजी आय."

"कुठाय?"

"ह्यो काय हात."

साईनाथला हसावं की जेवायला जावं कळेना. धोंडूबाई मग एका दमात सांगत सुटली. तिची आई येसूबाई सुईण होती. पोशीर आणि आसपासच्या पाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातात जन्माला आलेली. आता गावच्या नव्या अंगणवाडीच्या खोलीला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं, कार्यक्रम येत्या सोमवारी. ग्रामपंचायतीतला मनोज म्हणाला, फोटो लागेल, मोठा. आणि येसूबाईचा उभ्या जन्मात फोटो नव्हता.

"मनोज बोल्ला, काळजी करू नका मावशी, मोबाईलवर चेहरा बनवता येतो. नाक कसं व्हतं सांगा, डोळे कसे व्हते सांगा. मी सांगाया बसले." ती थांबली. पदराने तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना. "मला सांगताच येईना रं. तेहतीस वरसं झाली तिला जाऊन. हात आठवतो, आवाज आठवतो, बिब्ब्याच्या तेलाचा वास आठवतो. चेहराच दिसंना. पोटची पोर मी तिची!"

"मग मनोजने काय बनवलं?"

"बनवली एक गोरीपान. शिरेलमधली सासू दिसत्ये. तिला हार घालायचा म्हंजे मी कुना परक्या बाईच्या पाया पडायचं."

साईनाथ 'नाही जमायचं आक्का' म्हणायला तोंड उघडत होता. खरंच, अगदी जिभेवर होतं. पण फोटोची ती कड त्याला काहीतरी टोचत राहिली, आणि मग आठवलंच. तेव्हाचे फोटो तो स्वतः धुवायचा. छोट्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह लांबट असते आणि फोटोचा कागद तिच्या मानाने आखूड. त्यामुळे छापताना दोन्ही बाजूंचं थोडंथोडं कापावं लागतं. म्हणजे जे कापलं गेलं ते फोटोत नाही. निगेटिव्हमध्ये आहे.

तो उठला. मनाची तयारी न करता उठला, हे आतून बघणाऱ्या विनितालाही नवल वाटलं.

निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत होत्या, एकूण अकरा डबे. सातव्या डब्यात पोपटचं पाकीट सापडलं. साईनाथने पट्टी उजेडासमोर धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. उलट्या रंगांत नवरानवरी काळीठिक्कर, आणि उजव्या कोपऱ्यात, हो, एक अख्खी बाई. तिचा चेहरा मोहरीच्या दाण्याएवढा.

"हाय?" धोंडूबाईने विचारलं. तिचा हात काउंटरवर घट्ट.

"आहे. पण आक्का, मोहरीचं कलिंगड करायचंय, ध्यानात घ्या."

दुकानातल्या स्कॅनरला ती मोहरी म्हणजे नुसता डाग. मुंबईला पाठवावं तर सोमवारच्या आत यायचं नाही. राहिला एनलार्जर, निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचं जुनं यंत्र. बारा वर्षं गोणपाटाखाली झोपलेला. आणि मोठा कागद, वीस बाय चोवीस इंची, फक्त दोन शिल्लक. तेही मुदत संपून किती वर्षं झाली ते डब्यावर वाचायची साईनाथची हिंमत नव्हती.

"गुरुवारी या," तो म्हणाला आणि लगेच थकला.

"कांदे कुठं ठेवू मी, डोक्यावर?" विनिता म्हणाली. पण संध्याकाळी तिनेच कांदे उचलले, जाळी झाडली, आणि गोठ्याला आणलेल्या पाईपचा एक तुकडा उभा चिरून देऊन म्हणाली, "हे घ्या. तुमच्या त्या पाण्याला एवढं मोठं भांडं नाहीच आपल्याकडे." दोन्ही टोकं मेणाने बंद केल्यावर त्याची छान पन्हळ झाली. असे तीन तुकडे. कागदाची गुंडाळी करून त्यात मागंपुढं फिरवत राहायचं, म्हणजे सगळीकडे औषध लागतं.

गुरुवारी अकरा वाजता धोंडूबाई हजर. साईनाथने एनलार्जरचं डोकं आडवं वळवलं, म्हणजे उजेड खाली टेबलावर न पडता दहा फुटांवरच्या समोरच्या भिंतीवर पडेल. डोकं एका बाजूला कललं तसं अख्खं यंत्र टेबलावरून तोंडावर पडायला आलं. वजन हवं होतं. त्याने इकडंतिकडं बघितलं आणि धोंडूबाईने मंगळवारी ठेवून दिलेली तांदळाची पिशवी उचलून यंत्राच्या पायावर ठेवली. यंत्र गप्प बसलं.

"तुमच्यासाटी आनला, शिजवून खायाला," धोंडूबाई म्हणाली.

"खाऊ की. आधी त्याला काम करू दे."

दार लावलं, पडदा ओढला, लाल दिवा पेटला. भिंतीवर कागद टाचला. इतकं मोठं करायचं म्हणजे उजेड पार विरळ होतो, त्याला कागदावर उमटायला सहा मिनिटं तरी हवीत. साईनाथ पुटपुटत सेकंद मोजत राहिला. चौथ्या मिनिटाला बाहेरून डंपर गेला. मग त्याच्यामागून दुसरा. जमीन थरारली, टेबल थरारलं, आणि बारा वर्षांनी जागं झालेलं यंत्र थंडी भरल्यासारखं कुडकुडलं.

पन्हळीतून कागद बाहेर काढला तेव्हा कळायचं ते कळलं.

"ही तर चार डोळ्यांची," धोंडूबाई हळूच म्हणाली.

साईनाथ उपड्या बादलीवर बसला. कंबर दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि पूर्वी हा रस्ता असा नव्हता असं म्हणायचाही कंटाळा आला होता. एकच कागद उरला. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं.

"आक्का, एक सांगू? त्या दिवशी मीच त्यांना म्हणालो होतो, मावशी, जरा बाजूला व्हा. चांगलं आठवतंय मला. दोनदा म्हणालो. आणि तरी कोपऱ्यात आल्या, तर छापताना कापून टाकल्या."

लाल उजेडात धोंडूबाईचा चेहरा नीट दिसत नव्हता. पन्हळीतलं पाणी तेवढं हललं.

"तू दोनदा म्हनलास," ती म्हणाली. "मी सकाळपास्नं म्हनत व्हते. आये, तू मागं हो. पांडऱ्या कपाळाची बाई नवरानवरीजवळ नको, लोक काय म्हनतील. माजा बाप गेल्ता ना आदल्या साली. तिच्याच लेकाचं लगीन, आन् मीच तिला हाताला धरून मागं न्हेली." तिने दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले. "म्हनून दिसत नसंल मला."

बाहेरून टेंपो गेला. यंत्र हललं.

मग धोंडूबाईच उठली. गुडघ्यांवर हात देऊन, दोन हप्त्यांत. "गाडी यायच्या आदी उजेड बंद करता येतो का तुला?"

"भिंगासमोर पुठ्ठा धरला की झालं. पण आत मला काय कळणार, गाडी कधी येते ते?"

"तुला नाय, मला कळंल. ल्हानपनी भातावर पाखरं राखलीत मी. माळावरनं थवा उठला की शेताच्या बांदावर मला समजायचं. बाहेर बसते. वरडते."

आणि तसंच झालं. ती दुकानाच्या पायरीवर, साईनाथ आत पुठ्ठा घेऊन.

"हां, सोड!" बाहेरून आवाज. पुठ्ठा बाजूला. सात, आठ, नऊ...

"झाक रं, झाक! कंटेनर!"

पुठ्ठा आडवा. थरथर आली, गेली, विरली.

"सोड!"

सहा मिनिटांच्या उजेडाला पाऊण तास लागला. मधे एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला आलं, त्याला धोंडूबाईने परस्पर हाकललं, "आत आयचं काम चाल्लंय, मागनं ये." साईनाथचा दंड भरून आला. पुठ्ठा केवढासा, पण धरून ठेवला की तोही कणगीएवढा जड होतो. विनिता दोनदा पडद्यामागून 'जेवता का' विचारून गेली आणि दोनदा उत्तर न मिळता गेली.

मग पन्हळ. धोंडूबाई आत आली आणि तिनेच गुंडाळी फिरवली, तांदूळ धुताना फिरवावेत तशी, न चुरडता. फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या औषधातून काढून, पाण्यातून काढून साईनाथने कागद प्लायच्या फळीवर पसरला. ओला कागद आपोआप चिकटून बसला. डोळे दोनच होते. एवढं त्याने पाहिलं.

धोंडूबाई फोटोला नाक लावून उभी राहिली. मग मान वाकडी करून. मग चष्मा काढून.

"साईनाथा, यात कोन नाय रं. नुसती रांगोळी सांडल्ये."

तिचा आवाज इतका दमलेला होता की साईनाथलाही क्षणभर तेच दिसलं. काळे दाणे, करडे दाणे, नुसते दाणे. मोहरी फुगवून फुगवून ती फुटलीच होती.

"आक्का, मागं व्हा," तो म्हणाला. "जवळून नाही दिसायचं. लांबून बघायचं असतं हे."

ती मागं सरली तर भिंत लागली. खोली ती केवढी! मग त्याने फळी उचलली आणि दोघं दुकानाबाहेर आली. शटरपाशी तो फळी छातीशी धरून उभा राहिला. धोंडूबाई पायऱ्या उतरली, वळून बघितलं, मान हलवली. आणखी मागं गेली. रस्त्याची कड आली. इकडंतिकडं बघून तिने अर्धा हायवे ओलांडला आणि दुभाजकावर जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, ह्या कुठं निघाल्या!" विनिता बाहेर धावली.

दोघींच्या मधून ट्रेलर गेला. लांबच लांब, संपेचना. तो संपला तेव्हा धोंडूबाई दिसली, हात कपाळावर आडवा धरलेला. मग कंटेनर. मग दिसली, हात खाली आलेला. मग भाजीचा टेंपो, मग एसटी. प्रत्येक वेळी गाडी गेली की साईनाथ तिच्या तोंडाकडे बघायचा. स्वतःच्या हातातला चेहरा त्याला दिसत नव्हता, म्हणून तो तिचा चेहरा बघत होता. आणि एका गाडीनंतर तो बदललेला होता.

"दात!" ती ओरडली. "पुडचा दात तिरका व्हता तिचा! इसरलेच व्हते मी! हसत्ये रं ती!"

डंपर आला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. धूळ बसली तेव्हा ती दोन्ही हातांनी खुणा करत होती.

"पुडं घे!"

"काय?"

"तिला पुडं घे! मागं का धरलीस? पुडं आन तिला!"

साईनाथचे दंड आता लाकडाचे झाले होते. फोटोतून पाणी गळून शर्टाची पुढची बाजू भिजली होती. तो एक पायरी उतरला.

"आनखी!"

तो दुसरी उतरला. मग रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेला.

"अहो, पुढं रस्ता आहे," विनिता मागून त्याचा शर्ट धरून म्हणाली.

"माहितेय," साईनाथ म्हणाला, आणि फळी जरा वर उचलून तसाच उभा राहिला.