कशाबियातला अंधार

"स्वतःच्याच घरात कुडकुडायची पाळी आली माझ्यावर," शेगडीला जवळजवळ मिठी मारत तिजानी पुटपुटला. "पोरीचं लग्न अजून व्हायचंय, आणि बापाच्या अंगावरचं वस्त्र आत्ताच गेलं."

मन्नूबियाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्याची कशाबिया, तो लोकरीचा जाडजूड झगा, समोर टेबलावर पालथा पडला होता. गळा सुतळीने आवळलेला, टोपी आत खुपसलेली, घेर दुमडून त्यावर दोन उशा ठेवलेल्या. त्यांची लेक ओल्फा बाह्यांतून उलटे हात घालून आत चाचपडत होती. कॅमेऱ्यातला रोल अंधारातच फिरकीवर चढवायचा आणि फिरकी काळ्या डब्यात बंद करायची, एवढंच काम. केफसारख्या डोंगराळ गावच्या हिवाळ्यात जो झगा वाऱ्याला आत येऊ देत नाही, तो उजेडाला कुठून येऊ देणार?

"फोटोच काढतेयस ना बाई? की गाय अडलीय आणि वासरू काढतेयस?" शादलियाने विचारलं. ही तिजानीची बहीण.

"हसवू नकोस आत्या, फिल्म चुरगळेल."

शादलिया नुसती चेष्टा करायला आली नव्हती. मुलाकडचे लग्नासाठी ट्यूनिसहून फोटोग्राफर आणायचं म्हणत होते, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन होय की नाही ते शादलियाने सांगायचं होतं. तिजानीचं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या पोरीचं लग्न, आणि फोटो परक्याने काढायचे?

आता, तिजानीच्या फोटोंत माणसांना डोकी नसायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मन्नूबियाच्या संसाराचे फोटो बघून कुणालाही वाटलं असतं, की या माणसाने एका छानशा झग्याशी लग्न केलंय. पण फ्रान्समधल्या मार्सेहून मामाने आणलेला तो कॅमेरा गळ्यात अडकवला की तिजानीचा चेहरा असा फुलायचा, की बोलायचं कुणी? चौकातल्या स्टुडिओवाल्याने कागद चुकीचा कापला, असं म्हणून सगळे वेळ मारून न्यायचे. त्या बिचाऱ्यानेही कधी तक्रार केली नाही. पण गेल्या वर्षी त्याने स्टुडिओ बंद केला, आणि घराची ढालच गेली. साखरपुड्याचा रोल तेव्हापासून कपाटात पडून होता. ओल्फाने कुठेसं वाचलं, की फिल्म कॉफीतही धुता येते. बाबांनी एकदा न कापलेली फिल्म आपल्या डोळ्यांनी बघावी, एवढीच तिची आशा. मन्नूबियाला तर एकच हवं होतं: लेकीच्या लग्नाच्या फोटोत लेकीचा चेहरा.

"उम्मी, कॉफी झाली का?" डब्याचं झाकण घट्ट लावून ओल्फाने हात बाहेर काढले.

मन्नूबियाने भांडं आणून ठेवलं. ओल्फाने त्यात धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पूड ढवळली, वास घेतला आणि थबकली.

"मी आणलेली बाटलीतली भुकटी कुठाय?"

"शेजारणीला दिली. ती काय कॉफी आहे? मी आपली घरची दळलेली उकळली, गाळूनसुद्धा घेतली."

"आणि हा वास कसला?"

"कसला म्हणजे? संत्र्याच्या फुलांचं पाणी. चार थेंब."

"उम्मी! पाहुण्यांना द्यायची नव्हती, फिल्मला द्यायची होती!"

"मग? तीही पहिल्यांदाच आलीय ना घरात?"

तिजानी खो-खो हसला. पण दुसरी कॉफी उकळायला घरात पूड उरली नव्हती. ओल्फाने बिस्मिल्ला म्हणून तेच डब्यात ओतलं आणि डबा उलटासुलटा करत बसली. लग्नघरात कुणी गोधडी उकळतंय, असा वास सुटला. मग पाणी, मग चित्र पक्कं करणारं, ट्यूनिसहून मागवलेलं फिक्सर, मग पुन्हा पाणी. अखेर झाकण उघडलं आणि फिल्म लांबच लांब बाहेर आली. चित्रं होती! शादलियाने टाळी वाजवली, तिजानीने लेकीचा माथा चुंबला.

फिल्म स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमट्यांनी लटकली. ओल्फाने खिडकीच्या उजेडात फोनवर एकेक चित्र, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून, सुलटं दाखवलं. मिठाईचं तबक, अगदी बदाम मोजावेत इतकं स्पष्ट. ओल्फाचा झगा, मेंदीचे हात, गळ्यातला हार, आणि त्यावर काही नाही. जावयाचे खांदे. शादलियाची छाती, मानेपर्यंत. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात गुबगुबीत, धूसर असं काहीतरी.

ओल्फाने फोन खाली ठेवला.

"फुलांच्या पाण्याने झालं हे," शादलिया म्हणाली.

"हो, पाण्यामुळेच," ओल्फा खाली बघत म्हणाली. "डाग पडतात."

सगळे मन्नूबियाकडे बघू लागले. दोष अंगावर घ्यायला स्टुडिओवाल्याची जागा रिकामी होतीच. "माझंच चुकलं. हाताला सवय, काय करणार."

"जाऊ दे गं," तिजानी मोठ्या मनाने म्हणाला. "लग्नाच्या फिल्मच्या वेळी तुला स्वयंपाकघरात फिरकू द्यायचं नाही, झालं!"

शादलियाने शाल गुंडाळली. "मग त्यांना नाही म्हणून सांगते?"

दोरीवरचा एक चिमटा ओल्फाने काढला आणि होता तिथेच परत लावला. मन्नूबियाला तो चिमटा स्वतःच्या काळजाला लावल्यासारखा वाटला. तिने तोंड उघडलं. पण लेकीकडे बघणाऱ्या नवऱ्याचा चेहरा दिसला आणि तिने ते मिटलं.

तिजानी उठला. फोन हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आपला अंगठा त्या धूसर गोळ्याशेजारी धरला. एकदा अंगठ्याकडे पाहिलं, एकदा गोळ्याकडे.

"मन्नूबिया, तुझं पाणी डोकी कापतं का गं?"

तिने मान खाली घातली.

"शादलिया, त्यांना सांग, फोटोग्राफर येऊ दे. आणि म्हणावं, नवरीच्या बापालाही फोटोत घ्यायचं. डोक्यासकट."

"असं काय करतोस रे?" शादलिया घाईघाईने म्हणाली. "इतके सुंदर फोटो काढतोस तू..."

"मला फोटो काढता येत नाहीत," तिजानी म्हणाला. "कधीच येत नव्हते."