थेंबांची बाटली

थोरलीला स्वच्छतेचं वेड आहे, असं घरात कौतुकानं म्हटलं जायचं. धाकट्या जावेला विचाराल तर ते वेड नव्हतं, हत्यार होतं. ज्याच्यावर राग, त्याच्या वस्तू ही बाई घासायला काढायची. नवऱ्याशी वाजलं की त्याचे बूट, सासऱ्यांशी बिनसलं की त्यांचं कपाट. आणि आठ दिवस बाहेरगावी जायच्या आदल्या दुपारी, सासरे दातांच्या डॉक्टरकडे गेलेले बघून, ती माशाच्या टाकीच्या हात धुऊन मागे लागली.

टाकी सासऱ्यांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरू लागले, दुकान बंद झालं आणि दिवस खायला उठला, तेव्हा धाकट्या मुलानं ही काचेची टाकी आणून दिली. आता तिच्यात एकच गोल्डफिश उरला होता. वीतभर लांब, पोट सुटलेला, पोहण्यात रुबाब. नाव शेटजी. सासरे सकाळी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि शेटजी काचेशी येऊन त्यांचं सगळं ऐकून घेत. त्यांचं इतकं ऐकून घेणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

थोरलीनं सगळं पाणी उपसलं, खडे चोळले, फिल्टरमधला तपकिरी स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराफटक केला आणि ताज्या पाण्यात शेटजींना सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दाराशी चपला घालताना ती धाकटीला म्हणाली, "शेटजींकडे बघ हं. आता तुझ्याच हातात आहेत ते." आणि हसली.

ते हसू धाकटीच्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचं मूल गेलं. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा भिंतीपलीकडे थोरली फोनवर कुणाला तरी सांगत होती, "काही काही हातांना जगवणं नसतंच गं." मग कुंडीतलं रोप वाळलं, तेव्हा तेच वाक्य. गेल्या वर्षी टाकीतले दोन छोटे मासे एका आठवड्यात गेले, तेव्हाही तेच, कारण त्या आठवड्यात खाणं धाकटी घालत होती. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. रोपाला पाणी घालताना तिचा हात आखडायचा. हे वाक्य एक दिवस थोरलीच्या घशात परत घालायचं, एवढी एकच इच्छा तिनं दोन वर्षं जिवापाड जपली होती.

थोरली गेल्याच्या दुसऱ्या सकाळी शेटजी तळाशी बसले होते. एका कुशीवर कललेले, पंख अंगाशी मिटलेले, कल्ले लालबुंद. खाणं टाकलं तर ढुंकूनही बघेनात.

सासऱ्यांनी खिशातलं जुनं घड्याळ काढलं आणि कल्ल्यांची उघडझाप मोजली. "मिनिटाला एकशे दहा," ते म्हणाले. "एरवी साठ असतात. पोरी, हा जातो की काय?"

धाकटी काही घाबरून बसणारी नव्हती. नळाला पाणी सोडण्याआधी जिथे ते तपासतात, त्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिनं टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं, कामावर नेलं आणि त्यात तपासणीचं औषध घातलं. नमुना पिवळाजर्द झाला. अमोनिया. मासा स्वतःच्याच मुतात शिजत होता.

संध्याकाळी ती टाकीवाल्याकडे गेली. हा पाळायचे मासे विकायचा, खायचे नव्हे, आणि कुणी भाव विचारताना चुकून ओठांवरून जीभ फिरवली तर त्याला दुकानाबाहेर काढायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "स्पंज कोणी धुतला?"

"का?"

"अहो, ती घाण खाणारे जंतू स्पंजातच राहतात. स्पंज नळाखाली धुतला की ते मेले. मग माशाला कोण वाचवणार? तुमच्या घरच्या त्या उंच, चष्मेवाल्या बाईंना मी गेल्या वर्षीच बजावलं होतं. दोन छोटे मासे घालवून आल्या होत्या. म्हटलं, बाई, भांडी धुवा, घर धुवा, स्पंज नळाखाली धुऊ नका."

"गेल्या वर्षी? त्यांना सांगितलं होतं?"

"दोनदा."

धाकटी दुकानातल्या स्टुलावर बसली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या स्टुलावर कळलं. म्हणजे ते दोन मासेही हिनंच मारले होते, आणि शेटजींना मारायचं तर हिनं ठरवून ठेवलं होतं. मासा मरणार धाकटीच्या हातात, आणि वाक्य पुन्हा घरभर फिरणार. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावावा. मग वाटलं, नको. आधी हा मासा जगवायचा.

टाकीवाल्यानं स्वतःच्या टाकीतला एक मळकट स्पंज पिशवीत घालून दिला आणि थेंबांची छोटी बाटली दिली. "नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. बादलीभर पाण्यात हे थेंब टाका, मग पाणी घाला. रोज पाव टाकी बदला. तीन दिवस खाणं बंद."

पुढचे सहा दिवस धाकटीनं शेटजींची जी सेवा केली, ती प्रेमानं केली असं म्हणणं खोटं ठरेल. ती रागानं केली. कामावर जाण्याआधी पाणी बदल, तिथं पोचल्यावर नमुना तपास, बादलीतलं पाणी मनगटावर घेऊन गार-कोमट बघ. मासा हलला नाही की ती काचेला नाक लावून पुटपुटायची, "मरायचं नाही. ती यायच्या आत तर अजिबात नाही." सासरे घड्याळ घेऊन शेजारी बसत. एकशे दहाचे नव्वद झाले, नव्वदचे पंचाहत्तर. पाचव्या दिवशी शेटजी तळावरून उठले आणि अर्धी टाकी पोहून पुन्हा बसले. सहाव्या दिवशी त्यांनी मटाराचा दाणा गिळला, अर्धा थुंकला आणि परत गिळला. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या हाताला गुण आहे, पोरी," ते म्हणाले.

त्या क्षणी तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिनं पहिल्यांदा कॅलेंडर बघितलं. थोरली उद्या येणार होती.

थोरली आली ती हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत बोटभर केशरी मासा. चपलासुद्धा न काढता ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. जायचाच होता तो कधीतरी. बघा, मी नवीन आणलाय."

पलीकडे शेटजींनी पाण्यात शेपटीचा फटकारा मारला.

शेटजी आजारी असल्याचं तिला कोणीही कळवलेलं नव्हतं. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तो गेला असं तुला कोणी सांगितलं गं?"

"नाही, म्हणजे... मी आपली जोडीला आणला."

चोराच्या मनात चांदणं. धाकटी तिथंच सगळं ओकून टाकू शकली असती. पण दोन वर्षांच्या भुकेला एवढ्याशा घासानं काय होणार? ती गोड आवाजात म्हणाली, "किती छान, ताई! पण हा तुमचा मासा. तुमच्याच खोलीत ठेवा, तुमच्याच हातानं. टाकी नको, काचेची बरणी चालेल. तुम्ही ती लख्ख ठेवालच."

आणि टाकीमागे ठेवलेली थेंबांची बाटली उचलून तिनं पर्समध्ये टाकली.

थोरलीला नाही म्हणता येईना. बरणी तिच्या खोलीत गेली. ती रोज सकाळी सगळं पाणी ओतून द्यायची, बरणी घासायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. धाकटी जाता-येता बघायची. तिसऱ्या दिवशी तो केशरी जीव तळाशी होता. कुणाचं लक्ष नसताना तिनं चमचाभर पाणी बाटलीत घेतलं आणि कामावर तपासलं. नमुना क्लोरीननं गुलाबी झाला. व्हायचाच होता. शहराच्या पाण्यातलं क्लोरीन रोज सकाळी तीच मोजायची आणि 'ठीक' असं लिहून खाली सही करायची.

तिनं आणखी एक दिवस वाट पाहिली.

चौथ्या दिवशी दुपारी थोरली बरणी छातीशी धरून स्वयंपाकघरात आली. सासरे तिथं चहा पीत होते.

"हा हलत नाहीये गं. काय घातलंस तू त्या शेटजींच्या पाण्यात? मला दे ना ते."

"देते. पण आधी बाबांना सांगा, स्पंज कशानं धुतला होता."

थोरलीनं बरणी ओट्यावर ठेवली.

"टाकीवाल्यानं तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, तेही सांगा. तोवर हा थांबेल."

"दोनदा," थोरली म्हणाली. मग भांडं उपडं व्हावं तसं सगळं बाहेर आलं. हो, नळाखाली धुतला. हो, माहीत होतं. गेल्या वर्षीचे दोन मासेही तिच्याच हातून गेले होते, आणि नाव धाकटीचं सांगितलं होतं.

"आणि हात कोणाचे? ज्यांना जगवणं नसतं ते?"

"माझे," थोरली म्हणाली. ती रडत होती.

दोन वर्षांची इच्छा अशी दुपारच्या चहाला पूर्ण झाली. धाकटीला इतकं हलकं वाटलं की क्षणभर बरणीचा विसरच पडला. मग तिनं पर्स उघडली, बादलीत थेंब टाकले, त्या पाण्यात माशाला अलगद सोडलं आणि ओंजळीत धरून पुढे-मागे हलवू लागली. सासऱ्यांनी घड्याळ काढलं. ते मोजू लागले. मग मोजायचे थांबले, कारण मोजायला काही उरलं नव्हतं.

थोरली रिकामी बरणी घेऊन नळाशी गेली आणि सवयीनं घासू लागली.

सासऱ्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. त्यांनी थोरलीकडे बघितलंच नाही. धाकटीच्या ओंजळीकडे बघत, त्या दिवशीसारख्याच हळू आवाजात ते म्हणाले, "ती थेंबांची बाटली टाकीमागे असायची. तिथून कधी उचललीस, पोरी?"

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"ताई आल्या त्याच दिवशी."

ते कप तसाच ठेवून उठले आणि शेटजींसमोर खुर्चीवर जाऊन बसले. धाकटी हातात तो बोटभर मासा धरून उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण ते त्या माशासाठी. नळाशी उभ्या असलेल्या पाठीकडे बघून अजूनही वाटत नव्हतं.