जुळवलेले वॅट

सायकलींच्या त्या दुकानात लोक दोन आकड्यांचं भांडण घेऊन यायचे. घरातल्या घरात पाय मारायच्या ट्रेनर नावाच्या यंत्रावर सायकल चढवली की पायांच्या जोराचा, म्हणजे वॅटचा, एक आकडा ट्रेनर दाखवतो आणि पेडलमधलं मीटर दुसराच, मग चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या जिवाला घोर लागतो. दहा वॅटांपायी झोप उडालेली माणसं मेकॅनिकने पाहिली होती. तो त्यांची यथेच्छ टर उडवायचा आणि आकडे जुळवून द्यायचा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची धाकटी बहीण शर्यतीत उतरायची. तिच्या सायकलला मीटर होतं ते फक्त डाव्या पेडलात. असं मीटर डाव्या पायाचा जोर मोजतं आणि उजवाही तेवढाच असणार असं धरून त्याची दुप्पट करतं. ट्रेनर मात्र मागच्या चाकाच्या जागी बसतो, त्याला दोन्ही पायांचा मिळून जोर कळतो.

एके दिवशी ती तणतणत दुकानात आली. "दादा, ट्रेनर दोनशे म्हणतो आणि हे पेडल एकशे अठ्ठ्याऐंशी. कोण खोटं बोलतंय बघ बरं."

त्याने पेडलला वीस किलोचं वजन टांगलं. मीटरने तंतोतंत वीस दाखवले. मग तिच्या घरी जाऊन ट्रेनरवर स्वतःची सायकल चढवली आणि घाम निघेपर्यंत पाय मारले. तिथेही आकडा बरोबर. आता दोन्ही साक्षीदार खरं बोलत असतील आणि तरी जबान्या जुळत नसतील, तर शहाण्याने तिसरीकडे बघावं. हा शहाणा मोबाइल उघडून बसला आणि पेडलच्या सेटिंगमध्ये शेकडा सहाची वाढ टाकून मोकळा झाला. शर्यत तोंडावर आली होती आणि बहिणीचा उतरलेला चेहरा त्याला बघवत नव्हता, हेही खरं.

"कधी कधी हा डावा पाय झोपल्यासारखा वाटतो रे," ती म्हणाली.

"मला न विचारता सीट वर घेतलीस ना? मग पाय झोपणार नाही तर काय नाचणार?"

तीही हसली. दादाने सांगितलं म्हणजे विषय संपला, असं त्यांच्यात लहानपणापासून चालत आलं होतं.

चार महिन्यांनी पुन्हा फरक पडला. त्याने शेकडा सहाचे बारा केले. पुढे बाराचे एकवीस केले. "पेडल म्हातारं झालं तुझं," तो म्हणाला, आणि या खेपेला वजन टांगण्याचीही तसदी घेतली नाही. ट्रेनरवरचे दोनशे वॅट जागचे हलले नव्हते, म्हणून ती खुशीत होती. ते दोनशे भरून काढताना उजवा पाय डाव्याच्या वाट्याचंही गुपचूप ओढत होता, हे दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं. चांगलं मीटर एकवीस टक्क्यांनी कधी चुकत नाही. दुसऱ्या कुणाचं पेडल असतं, तर मेकॅनिकने ते खोलून टेबलावर पसरलं असतं.

मग एक दिवस घराच्या जिन्यात तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच चार पायऱ्या वर गेली. चप्पल मागे राहिल्याचं तिला शेजारणीने सांगितलं. तपासण्या झाल्या, आणि आठवड्याभराने बहीणभाऊ डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

"कण्यात गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कॅन्सरची नाही, हळूहळू वाढणारी आहे. पण पायाच्या नसा तिच्याखाली दबल्यात. काढावी तर लागेलच. पायात जोर किती परत येईल, ते नसा किती दिवस दबल्या होत्या त्यावर. महिना-दोन महिन्यांचं असेल तर पुष्कळ आशा आहे. फार जुनं असेल तर आहे तेवढं टिकलं तरी मिळवलं. कधीपासून जाणवतंय?"

"महिनाच झाला असेल," धाकटी घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "त्याआधी काहीच नव्हतं, डॉक्टर. माझ्याकडे वर्षभराचे आकडे आहेत, पायांचे. ट्रेनर आणि पेडल दोन्ही अगदी सारखे. दादाने स्वतः बघितलेत. दादा, दाखव ना त्यांना."

मोबाइल त्याच्या हातातच होता. पडद्यावर दोन रेषा एकमेकींवर बसल्या होत्या, त्याने बसवल्या तशा. नुसता पुढे केला असता तरी भागलं असतं.

"अकरा महिने," तो म्हणाला.

"काय?" धाकटीने विचारलं.

"अकरा महिने झालेत, डॉक्टर. आकडे सारखे नव्हते. डावा पाय कमी पडत होता आणि ते पेडल बरोबर सांगत होतं. मीच वाढ टाकत गेलो. आधी सहा टक्के, मग बारा, मग एकवीस." त्याने तारखाही सांगितल्या. त्या त्याला तोंडपाठ होत्या.

बाईंनी कागदावर अकरा महिने असं लिहिलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त ऑपरेशनचा दिवस सांगितला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेरच्या बाकावर धाकटीने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी म्हणाले होते ना तुला, पाय झोपतो म्हणून?"

"म्हणाली होतीस."

"मग?"

त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजच वाटली, कारण रडायचा हक्क आज त्याचा नव्हता.

लिफ्टपाशी गर्दी होती. ती जिन्याकडे वळली. त्याने हात पुढे केला, पण तिने कठडा धरला. मग तो तिच्या दोन पायऱ्या खाली राहून, तोंड तिच्याकडे करून, दोन्ही हात पसरून उलटा उतरू लागला. पडलीच तर आपल्या अंगावर पडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पाय कुठे टेकतोय ते मला कळत नाही, बघून टाकावा लागतो. तू पायऱ्या झाकतोयस."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. ती खाली बघत, एकेक पायरी करत, त्याच्या शेजारून उतरून गेली.