गुंड्याची सॅक

गुंड्याला स्वतःची सॅक आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. गुंड्या म्हणजे घरचा कुत्रा. वजन चोवीस किलो, अंगानं आडदांड आणि कामाच्या नावानं शून्य. महिन्यातल्या एका रविवारी हे कुटुंब गावाबाहेरचा डोंगर चढायला जायचं आणि अकरा वर्षं मोठी सॅक आईच्याच पाठीवर असायची. ती कुणी दिली, कधी दिली, काही ठरलं नव्हतं. डबे ती भरायची म्हणून सॅकही ती भरायची, आणि भरली तिनंच म्हटल्यावर उचलायचीही तिनंच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आईलाही वाटलं नाही.

तिचं दुखणं वेगळंच होतं. माथ्याच्या वीस मिनिटं अलीकडे एक सपाटी होती. तिथून पुढची चढण इतकी उभी की ओझं घेऊन जाणं मुश्कील. म्हणून सामान सपाटीवर ठेवायचं आणि सामान उघड्यावर टाकून जायचं नसतं, म्हणून आईलाही तिथंच ठेवायचं. अकरा वर्षांत आईनं माथा पाहिला नव्हता. फोटो पाहिले होते. बाबा आणि दोघी मुली, केस उडताहेत, तोंडभर हसू. त्यातला एक मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता आणि खाली बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘सहकुटुंब’. त्या फोटोवरची धूळ आईच पुसायची.

आता गुंड्यानं निम्मं ओझं घेतलं, थोडं थोडं मुलींच्या पिशव्यांत गेलं, की सपाटीवर ठेवायला काही उरतच नाही. मग राखायचं काय, कपाळ? आईनं मनातल्या मनात माथा गाठलासुद्धा.

पण बाबा होते वजनमाप निरीक्षक. बाजारातल्या दुकानांचे काटे तपासायचे, खोटं वजन दिसलं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. व्यापारी त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे ‘गुंजभर’, कारण गुंजभर फरकसुद्धा ते सोडायचे नाहीत. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही आकडा खोटा वाचला नव्हता, आणि याचा आईला अभिमान होता, उगाच नाही म्हणा.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्र्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, दोन्ही बाजू सारख्या हव्यात, आणि चढ संपला की सॅक उतरवून वीस मिनिटं विश्रांती, तीही कुणीतरी जवळ बसून. बाबांनी हे वाक्य कायद्याच्या कलमासारखं पाठ केलं. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी खिशातला ताणकाटा काढला. दुकानं तपासताना वापरायचा तो, हूकला वस्तू अडकवली की वजन दाखवणारा. चोवीस किलोचा दहावा हिस्सा दोन किलो चारशे. म्हणजे एका बाजूला एक किलो दोनशे, दुसऱ्या बाजूला तेवढंच.

आईनं आपल्या सॅकमधला थर्मास पुढे केला. उजवी बाजू झुकली. थर्मास परत. फळांची पिशवी? डावी झुकली. परत. बरं, निदान गुंड्याचं स्वतःचं ताट? एकशे ऐंशी ग्रॅम, आणि जोडीला तसं दुसरं नाही. दोन तास हा खेळ चालला. शेवटी गुंड्याच्या सॅकमध्ये पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या बसल्या, आणि त्याचं ताट, त्याचा पंचा, बसायची सतरंजी, पंजांना लावायचं मलम, हे सगळं आईच्या सॅकमध्ये गेलं.

“अहो, याची सॅक आणून माझीच जड झाली,” आई म्हणाली.

“तुझ्या सॅकला डावं-उजवं नाही ना,” बाबा म्हणाले. “त्यात काहीही बसतं.”

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आई मात्र या खेपेला रात्रीपर्यंत धुसफुसत राहिली.

रविवारी गुंड्या ऐटीत पुढे. वाटेत भेटणारा जो तो थांबून त्याचं कौतुक करी. “किती गुणी! स्वतःचं सामान स्वतः!” एका बाईंनी तर आईलाच सांगितलं, “बघा, मुकं जनावर किती ओझं उचलतं.” आई हो म्हणाली. बोलायला दम उरला होता कुठं.

सपाटीवर पोचल्याबरोबर मुली वर पळाल्या. बाबांनी गुंड्याची सॅक उतरवली, पाठ चोळली, घड्याळ लावलं. “वीस मिनिटं. त्याला एकटं सोडायचं नाही. तू थांबतेसच, तर याच्याकडेही बघ.” आणि ते बुटाच्या नाड्या आवळू लागले.

आईनं सॅक उतरवली. खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. ती म्हणाली, “तुमचा काटा द्या जरा.”

“कशाला?”

“द्या तर.”

तिनं सॅकचा बंद हूकला अडकवला आणि काटा त्यांच्या हातात दिला. “उचला. वाचा.”

बाबांनी उचललं. काटा खाली गेला तो गेलाच. आकडा समोर होता आणि गुंजभरांनी तो दोनदा वाचला.

“तेरा किलो आठशे,” ते शेवटी म्हणाले.

“माझं वजन बावन्न. दहावा हिस्सा किती झाला?”

“पाच किलो दोनशे.”

“जास्तीचं?”

“आठ किलो सहाशे.” हिशेब चोख होता. आवाज मात्र पार बसला होता.

आईला त्यांची दया आली. आली, खोटं कशाला बोला. इतका प्रामाणिक माणूस, अकरा वर्षं घरातलंच वजन तपासायचं राहून गेलं. तिला रागही आला होता, आणि दयेपेक्षा तो भारी होता.

“याची अजून सतरा मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “एकटं सोडायचं नाही ना? बसा मग.”

आणि ती चढू लागली. पाठ इतकी हलकी की दोनदा तोल गेला. खालून हाक येईल म्हणून पहिल्या वळणापर्यंत तिनं कान टवकारले होते. नंतर विसरली.

वर वारा होता, आणि खाली चारी बाजूंना मोकळा मुलूख, नदीचं वळण, एवढीएवढी घरं. अकरा वर्षं हे सगळं वीस मिनिटांवर होतं. तिला रडूच आलं. ते पुसायला तिच्याजवळ काही नव्हतं, रुमाल सॅकमध्ये.

मुलींनी मागे वळून पाहिलं. थोरलीचा चेहराच उतरला. “आई? खाली काय झालं?”

“काही नाही. आले.”

“मग सामानाजवळ कोण आहे?”

“बाबा.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या एका रुंद दगडावर बसल्या होत्या आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. आई तिकडे सरकली.

“तिथं बाबा बसतात,” धाकटी सवयीनं म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. “इथं तिघंच मावतो आम्ही.”

“माहीत आहे,” आई म्हणाली आणि बसली.